तळहातावरची हिरवी खूण

चाळीस हजार माणसं ओरडत होती, त्यामुळे भैरू मगदूमच्या हाताचं हाड मोडलं तेव्हाचा आवाज मला ऐकू आला नाही. दिसलं मात्र सगळं. कुस्ती मैदानाच्या मध्यावर, माझ्यापासून पाच-सहा हातांवर, त्याच्याच वस्तादांनी त्याचा उजवा हात पाठीमागे पिरगाळला, कोपरावर गुडघा ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. हात जिथे वाकायला नको तिथे वाकला. मग बांबूचं कुंपण मोडून गर्दी आत शिरली आणि भैरू दिसेनासा झाला. दिसत होती ती वर-खाली होणारी पायताणं आणि काठ्या.

माझ्या हातात तेव्हा सात रुपयांची एक प्लॅस्टिकची पट्टी होती. ती हिरवी झाली होती. मैदानावरच्या चार मोठ्या पडद्यांवर तीच पट्टी घराएवढी होऊन चमकत होती.

ती पट्टी मी बनवली होती.

मला हे नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. चाळीस वर्षं मी कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवलं, पण माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे कधी गेला नाही. निकालाच्या दिवशी मी मुलांपेक्षा जास्त घाबरलेला असे. आपणच चुकीचं तपासलं असेल असं वाटत राही. आयुष्यभर स्वतःवर संशय घेतला. एकदाच घेतला नाही, तो त्या मैदानात.

आधी पट्टीबद्दल सांगतो.

मोराच्या पिसात निळा रंग नसतो. पीस कुटून पूड केली तर हाती तपकिरी भुकटी येते. निळा दिसतो तो पिसावरच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे. ती प्रकाशातला काही भाग परतवते, काही नाही. माझ्या पट्टीवर तसेच खळगे होते, केसाच्या जाडीत तीनशे मावतील एवढे लहान. त्यांवर सोन्याचा थर, इतका पातळ की एका अंगठीच्या सोन्यात देवघराची सगळी जमीन झाकली जाईल. प्रकाश पडला की या थरातले इलेक्ट्रॉन ठराविक लयीत हेलकावतात, त्या लयीचा रंग गिळतात आणि उरलेला परत पाठवतात. म्हणून कोरी पट्टी तांबूस दिसते. थरावर एखादा रेणू येऊन बसला की लय बिघडते आणि रंग सरकतो, तांबूसचा हिरवा होतो. भलता रेणू बसू नये म्हणून खळग्यांत आकडे लावलेले असतात. ज्या रेणूसाठी आकडा, तोच अडकतो. वीज नको, प्रयोगशाळा नको. माणसाचे डोळे पुरतात.

यातलं तत्त्व माझं नव्हतं. ते कधीपासून पुस्तकांत होतं, पण एक एक पट्टी करायला हजारो रुपये पडत. आमच्या प्रयोगशाळेतला परिचर तातोबा मगदूम एक दिवस म्हणाला, "सर, ठसा एकदाच करून आणा की पुण्यासनं. मग आमच्या हिचं पापड दाबायचं यंत्र हाय, त्यावर छापू." मी हसलो. मग आठ दिवस झोपलो नाही. शेवटी आम्ही ठसा आणला, प्लॅस्टिकचा कागद गरम केला आणि पापडाच्या यंत्रात दाबला. दोनशेव्या प्रयत्नात खळगे उमटले.

तातोबा क्षयानं गेला. निदान व्हायला सात महिने लागले होते. मी पहिला आकडा क्षयाच्या रेणूसाठी लावला, पण तोवर त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

भैरू त्याचा एकुलता एक मुलगा.

पट्ट्या निघाल्या त्या क्षयासाठी, पण लोकांनी त्या भलतीकडेच नेल्या. २०३३ सालापर्यंत दुधाची पट्टी आली, दारूची आली, तंबाखूची आली, भाजीवरच्या औषधाच्या फवाऱ्याची आली. बायका नवऱ्याच्या ओठांना पट्टी लावू लागल्या. मास्तर पोरांच्या बोटांना लावू लागले. सात रुपयांत कुणीही कुणाचाही न्यायाधीश होऊ लागला. शेजारच्या तालुक्यात एका दूधवाल्याची पट्टी हिरवी झाली तेव्हा लोकांनी त्याला आडवा पाडून त्याचंच दूध कॅनभर त्याच्या घशात ओतलं. तो तिथेच गुदमरून मेला. नंतर कळलं, दूध चांगलं होतं. दोष कॅन धुवायच्या पावडरीचा होता. मी 'कॅन स्वच्छ विसळावा' असं दोन ओळींचं परिपत्रक काढलं आणि पुढच्या कामाला लागलो. तेव्हाच थांबायला हवं होतं.

पुढचं काम कुस्तीचं होतं. एक नवं संप्रेरक बाजारात आलं होतं, म्हातारपणी झिजणारे स्नायू भरून काढणारं. तरुण मल्ल ते चोरून घेत होते. दोन पोरं मैदानातच हृदय बंद पडून मेली होती. मैदान समितीचे सचिव माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पट्टी द्या. सलामीच्या वेळी सगळ्यांसमोर लावू. लपवाछपवी नको."

पण लावायची कुठे? लढतीआधी रक्त काढणं कुणाला चालत नव्हतं, अपशकुन मानत. लघवी तपासायची तर चाळीस हजार लोकांसमोर कशी? अंगभर तेल आणि आखाड्याच्या हौद्याची लाल माती. राहिले तळहात. सलामीआधी मल्ल हात धुऊन पुसतात आणि तळव्यांना घाम लवकर येतो. मी मसुद्यात शाईच्या पेनानं लिहिलं, 'नमुना तळहातावरून घ्यावा.' त्याखाली सही केली.

आमच्या घराला लागूनच मरगुबाई तालीम. चाळीस वर्षं पहाटे शड्डूंचे आवाज ऐकत मी पुस्तकं वाचली. आत एकदाही गेलो नव्हतो.

मैदानाच्या दिवशी शेवटची कुस्ती त्याच तालमीच्या भैरूची होती. चोवीस वर्षांचा, बापासारखाच हसरा. मी पट्टी काढली तेव्हा त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"लावा सर. बारावीला नापास केलेलासा, आज तरी पास करा."

"मी कुठे केलं? तू कोरा पेपर दिला होतास."

"कोरा म्हंजे सच्चा न्हवं का?"

पंच हसले. मी पट्टी त्याच्या उजव्या तळव्यावर दाबली, वीस आकडे मोजले आणि उचलली. हिरवी.

मी दुसरी लावली. डाव्या हाताला. हिरवी. साबणानं हात धुवायला लावून तिसरी लावली. थोडी फिकट, पण हिरवीच.

"काय घेतलंस, भैरू?"

"आईची शपथ सर, काय बी न्हाई."

"काही लावलंस? मलम?"

"घाण्याचं करडईतेल, रोजचंच. सर, आसं काय बघालासा माझ्याकडं?"

मी त्याच्याकडे बघत नव्हतो. पट्टीकडे बघत होतो. तीनदा एकच उत्तर आलं होतं, आणि तीनदा आलेलं उत्तर खरं मानायचं असं मी चाळीस वर्षं शिकवलं होतं. मी पट्टी सचिवांच्या हातात दिली. त्यांनी ती कॅमेऱ्यासमोर धरली आणि ध्वनिक्षेपकावरून ओरडले, "ही बघा मंडळी! मरगुबाई तालमीची करामत!"

दौलू वस्ताद खोराटे कुंपणावरून उडी मारून आत आले. पासष्टीचे, पण मांड्या अजून खांबासारख्या. भैरू त्यांच्याकडे आशेनं वळला. "वस्ताद, तुमीच सांगा ह्यास्नी, मी..."

"सुक्काळीच्या! तालमीचं नाव मातीत घातलंस!"

पहिल्या थपडेनं भैरूच्या कानातून रक्त आलं. त्यानं हात उचलला नाही. वस्तादावर हात कसा उचलणार? दुसऱ्या थपडेनं तो गुडघ्यांवर आला. तो पुन्हा काहीतरी बोलायला लागला, आणि वस्तादांनी त्याचा हात धरला. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंय. मी 'थांबा' म्हणालो असेन. खात्री नाही.

पोलिसांनी त्याला गर्दीतून ओढून काढला तेव्हा तीन बरगड्या, जबडा आणि तो हात, एवढं मोडलं होतं. समितीनं त्याच संध्याकाळी त्याच्यावर जन्मभराची बंदी घातली.

तीन दिवसांनी, बुधवारी, मी सरकारी दवाखान्यात गेलो. खाटेशी भैरूची आई, हौसाबाई, बसली होती.

"या सर," ती म्हणाली. "भैरूचा बा असता तर तुमच्या तोंडावर थुकला असता. मी बाईमाणूस, थुकत न्हाई. पर बसा म्हणून बी म्हणणार न्हाई."

मी उभाच राहिलो. भैरूचा जबडा तारेनं बांधला होता. तो दातांतून बोलत होता. "आये, ऱ्हाऊ दे. सरांची पट्टी खोटं न्हाई सांगत. पर मी बी न्हाई सांगत. आता हे दोन्ही कसं काय, ते सरांनीच सांगावं."

त्या मुलानं भौतिकशास्त्राचा पेपर कोरा दिला होता. पण प्रश्न त्यानं माझ्यापेक्षा नीट मांडला होता.

हाताच्या शस्त्रक्रियेसाठी मैदानाच्याच संध्याकाळी त्याचं रक्त काढलं होतं आणि उरलेला नमुना दवाखान्याच्या फ्रीजमध्ये होता. मी डॉक्टरांच्या हातापाया पडून चार थेंब मिळवले आणि घरी जाऊन पट्टीवर टाकले. तांबूस. पुन्हा टाकले. तांबूस. माणसानं ते संप्रेरक घेतलं असतं तर ते पंधरा दिवस रक्तात राहिलं असतं. तळहाताची जाड कातडी ते सहजी आत घेत नाही. म्हणजे ते हाताच्या वर होतं, आत नव्हतं. भैरूनं काही घेतलं नव्हतं. त्याचा हात कशाला तरी लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्याच्यापाशी बसलो.

"मैदानाच्या दिवशी उठल्यापासून तुझे हात कशाकशाला लागले, ते सांग. एकही गोष्ट गाळू नकोस."

तो सांगत गेला. अंथरूण, घागर, मरगुबाईची घंटा, हौद्याचं फावडं, दुधाची किटली, मोटारीचं दार. मी लिहीत गेलो. त्यात काहीच नव्हतं.

"आणखी?"

"आणखी काय न्हाई."

"तालमीत घंटेनंतर लगेच फावडं घेतलंस? मध्ये काही नाही?"

"मधी वस्तादांचं गुडघं चोळलं की. ते काय सांगायचं? ते रोजचंच हाय. मांड्या, गुडघं, अर्धा तास. त्यो मान माझा हाय, सहा वर्षं झाली. त्या दिवशी तर तासभर चोळलं, मैदान हुतं म्हणून."

माझं पेन थांबलं. त्याला विचारलं होतं, 'काय घेतलंस, काय लावलंस.' गुरूचे पाय चोळणं यात बसतच नव्हतं. ते देवाला हात जोडण्यासारखं. कुणी विचारलं तरी आठवू नये असं. आणि मी, भिंतीला लागून राहणारा, 'तळहात' लिहिताना त्या तळहातांनी पहाटे काय काम होतं ते बघायला एकदाही आत गेलो नव्हतो.

भैरू माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं. "न्हाई सर," तो म्हणाला. "वस्ताद तसं न्हाईत."

इथे मी जे केलं ते सांगायला जड जातंय.

सोमवारी मुंबईला बैठक होती. पाचशे आरोग्य केंद्रांत क्षयाची पट्टी द्यायची की नाही, त्याचा निर्णय. 'पट्टीनं निरपराध माणूस अडकवला' असं आज छापून आलं तर ती बैठक तिथेच संपली असती. मी गुरुवारी भैरूला म्हणालो, "चार दिवस थांबशील? मंगळवारी मी स्वतः सगळ्यांना सांगतो." त्यानं मान हलवली. "तुमी म्हणशीला तसं." मी मनाला समजावलं, हजारो लोकांच्या फुप्फुसांपुढे चार दिवस म्हणजे काय?

शनिवारी त्याला घरी सोडलं. रविवारी सकाळी, मैदानाला बरोबर सात दिवस झाले तेव्हा, पन्नासएक माणसं मगदुमांच्या दारात जमली. पैजा हरलेले होते, तालमीचे होते, नुसते बघायला आलेलेही होते. कुणीतरी दारावर हिरवा रंग फासला. हौसाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "पोरगा आजारी हाय, जावा बाबांनो." पहिला दगड कौलांवर पडला. दुसरा तिच्या तोंडावर. मी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. आत भैरू प्लॅस्टरचा हात दारावर आपटत होता. लोकांनी बाहेरून कडी घातली होती.

तिचा डावा डोळा गेला.

मी मुंबईला गेलो नाही. सोमवारी सकाळी चार पट्ट्या खिशात टाकल्या आणि तालमीच्या दाराशी चपला काढल्या. भैरू माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याला आत पाय टाकायची बंदी होती, म्हणून तो उंबऱ्याबाहेर थांबला.

आत तीसएक पोरं मेहनत करत होती. हौद्याच्या कडेला दौलू वस्ताद लंगोट घालून बसले होते. शेजारी तेलाची वाटी.

"या या, देशिंगकर सर! म्हातारपणी मातीत उतरायचं मनात आलं व्हय? लंगोट आणलाय न्हवं?"

पोरं हसली. मीही हसायचा प्रयत्न केला.

"वस्ताद, तुमच्या गुडघ्याला एक पट्टी लावायची आहे."

हसणं थांबलं.

"माझ्या? मी काय कुस्ती धरालोय?"

"भैरूच्या रक्तात काही सापडलं नाही. जे होतं ते त्याच्या हातांवर होतं. त्या पहाटे त्यानं तासभर तुमचे पाय चोळले."

"भाईर व्हा."

"एकच पट्टी. वीस सेकंद लागतात."

ते उठले. मी मागे सरलो नाही. ते धैर्य नव्हतं, पाय हलतच नव्हते. त्यांनी एका हातानं माझी मान धरली आणि मला उचललं. माझा चष्मा पडला. डोळ्यांपुढे अंधार आला, कानांत भट्टीसारखा आवाज सुरू झाला. मग मी हवेत होतो आणि मग हौद्यात, पाठीवर. छातीत काहीतरी कडकन तुटलं. तोंडात माती गेली; हळद, ताक आणि कापराची चव होती तिला.

"मास्तर हाय म्हणून सोडला," वस्ताद म्हणाले. "न्हाईतर..."

माझ्या मानेवर त्यांची बोटं अजून चुरचुरत होती. आणि तेव्हा मला सुचलं. आधी ठरवलेलं नव्हतं, याची खात्री देतो. मी खिशातून दोन पट्ट्या काढल्या. एक मनगटावर दाबली, दुसरी मानेवर. वीस आकडे मोजले. श्वास पुरत नव्हता म्हणून मध्येच दोनदा चुकलो.

"पोरांनो," मी म्हणालो, "मी अडुसष्ट वर्षांचा आहे. जन्मात एक बैठक मारलेली नाही. कुणीतरी इकडे या आणि हे बघा."

आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही गेला नसता, पण तालमीत कुणी हलत नव्हतं. एक थोराड मल्ल हौद्यात उतरला, वाकला आणि पट्ट्या हातात घेतल्या.

"हातावरची लाल हाय," तो म्हणाला. "मानंवरची..." तो थांबला. "मानंवरची हिरवी. बोटं उठल्याती. ही बघा, एक, दोन, तीन. वस्तादांची बोटं."

सगळे वस्तादांच्या हातांकडे बघायला लागले. तेही बघायला लागले. मग हौद्याच्या कडेवर बसले, एकदम, कुणी पाय काढून घेतल्यासारखे.

"मांड्या वाळाय लागल्या हुत्या," ते म्हणाले. "दोन वर्सांमागं. पोरांम्होरं लंगोटावर उभं ऱ्हायची लाज वाटाय लागली. एका डाक्टरनं मलम दिलं. मी काय कुस्ती धरणार न्हवतो. कुणाचं काय बिघडत हुतं?"

"भैरूला माहीत होतं?" मी विचारलं.

"न्हाई. त्यो तेल लावून वरनं चोळायचा. त्याला काय ठावं आत काय हाय ते."

"आणि मैदानात पट्टी हिरवी झाली तेव्हा तुम्हाला कळलं?"

त्यांनी बोटं मातीला पुसली.

"तितंच कळलं," ते म्हणाले. "त्यो माझ्याकडंच बघत हुता. म्हटलं, आता ह्यो बोलणार. न समजता बोलून जाणार, वस्तादांचं पाय चोळलं म्हणून. तोंड उघडायच्या आत हात मोडला. हात मोडलेला माणूस फकस्त वरडतोय, बोलत न्हाई."

पहिली लाथ कुणी घातली ते मला दिसलं नाही. मग तीस जण त्यांच्यावर तुटून पडले. याच पोरांनी पहाटे त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. कुणी फावड्याचा दांडा घेतला होता, कुणी व्यायामाचा लाकडी मुद्गल. दात मोडल्याचा आवाज आला. वस्तादांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ते गर्भातल्या पोरासारखे आवळून पडले. एकदाही ओरडले नाहीत. मी हौद्यात पडून 'पुरे, पुरे' म्हणत होतो. माझ्याच कानांना ते ऐकू येत नव्हतं.

"सरका."

भैरू उंबरा ओलांडून आत आला होता. प्लॅस्टरचा हात छातीशी, जबड्याला तारा. पोरं बाजूला झाली. त्यानं वस्तादांकडे खाली बघितलं. त्यांचं अर्धं तोंड सुजून बंद झालं होतं. मला वाटलं, आता तो त्यांना उचलेल. मला खरंच तसं वाटलं.

"आयचा डोळा गेला, वस्ताद," तो म्हणाला. "तुमी घरात बसून ऐकलासा. हात."

वस्तादांनी उजवा हात मातीवर सरळ पसरला. कुणी धरला नव्हता. त्यांनी स्वतःच पसरला. भैरूनं टाच कोपरावर ठेवली. तो माझ्याकडे बघत नव्हता, तरी मी 'नको' म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. त्यानं सगळा भार टाकला, तसाच, कुठे आणि किती ते त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

मग तो वळला. "आता ह्यास्नी कुणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ हाय. गाडी आणा. सरांना बी उचला."

गाडीत वस्तादांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो डाव्या हातानं त्यांच्या तोंडातली माती काढत होता.

दुपारी पुरुष विभागातल्या खाटेवरून मी दोन पत्रं सांगितली, परिचारिकेनं लिहून घेतली. एक समितीला, की दोष पट्टीचा नाही आणि मल्लाचाही नाही. तळहात निवडणाऱ्याचा, म्हणजे माझा आहे. दुसरं आरोग्य खात्याला, सगळ्या तपशिलासह. भैरूवरची बंदी आठवड्यात उठली. पाचशे केंद्रांच्या पट्ट्या दोन वर्षं पुढे गेल्या. तेवढ्या वेळात किती निदानं उशिरा होतील त्याचा आकडा मी काढला होता. तो इथे लिहीत नाही.

संध्याकाळी फौजदार आले. माझ्या पलीकडच्या खाटेवर वस्ताद होते, त्यांचा हात पुठ्ठ्यात बांधलेला.

"हात कसा मोडला, वस्ताद?"

"पडलो. हौद्यात."

"एवढे दात पडले तेही पडूनच?"

"वय झालंय सायेब. पाय घसारला."

फौजदार माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही तिथं होता. तुम्ही काय बघितलं?"

माझा चष्मा हौद्यात पडला होता. तेवढं म्हणालो असतो तर चाललं असतं, आणि ते खरंही होतं. हात मोडलेला, आई एका डोळ्यानं आंधळी झालेली, नाव नुकतंच धुऊन निघालेलं. या भैरूला मी आता तुरुंगात पाठवायचं? फौजदार पेन्सिल घेऊन थांबले होते.

भैरू दाराशी भिंतीला टेकून उभा होता. तारांमधून त्याचे शब्द दबून येत होते, पण स्पष्ट होते.

"सांगा सर. गेल्या बारीला तुमी चार दीस थांबलासा. आता थांबू नका."

"भैरू, अरे..."

"जे मी केलं न्हाई, ते जलमभर माझ्या नावावर ऱ्हाणार हुतं. ते काढलासा. मग जे केलंय, ते तेवढं माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. त्यात कुणाचा वाटा नको मला."

मी सांगितलं. टाच कुठे ठेवली, भार कसा टाकला, वस्तादांनी हात स्वतः पसरला होता, आणि मी 'नको' म्हणालो नाही, हेही सांगितलं. फौजदार वाक्यागणिक लिहून घेत होते. पलीकडच्या खाटेवर दौलू वस्ताद उठून बसायची धडपड करत होते, दोन परिचारिका त्यांना दाबून धरत होत्या, आणि सगळा विभाग दणाणून जाईल अशा आवाजात ते ओरडत होते, "खोटं बोलालाय मास्तर! त्याचं लिहू नका सायेब! पडलो मी, पडलो!"